हीटेड ग्रिप बसवल्या, पण मीटरला त्यांचा पत्ताच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: नव्या पिढीच्या टूरिंग गाडीवर कंपनीच्याच हीटेड ग्रिप आणि फॉग लॅम्प घरी बसवले. हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरींच्या जुडग्यात) त्यांचे कपलर, म्हणजे जोडायचे प्लग, आधीपासून होतेच, ते जोडले. तरी ग्रिप गार, लॅम्प बंद, आणि मीटरच्या मेनूत दोघांचं नावही नाही. सर्व्हिसवाले म्हणतात कोडिंग करावं लागेल, म्हणजे या वस्तू बसवल्यात हे गाडीच्या संगणकात नोंदवावं लागेल. गाडीत खोचून ब्लूटूथने मोबाइलला जोडायचा डोंगल घेऊन हे घरी जमेल का?

बऱ्याच गाड्यांवर जमतं. पण कोडिंग हे या कामातलं शेवटचं पंधरा मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे ‘कोडिंग फेल झालं’ म्हणून येणाऱ्या गाड्यांपैकी बहुतेकांत कोडिंगचा काही दोष नसतो. वायर, बॅटरी किंवा घाई, यातलं काहीतरी निघतं.

आधी गाडीत आत काय चाललंय ते बघा, म्हणजे पुढचं आपोआप उलगडेल. जुन्या गाडीत बटण दाबलं की करंट बटणातून किंवा रिलेतून थेट दिव्यापर्यंत जायचा. आता हँडलवरचं बटण फक्त निरोप पाठवतं: ‘फॉग लॅम्पचं बटण दाबलंय.’ हा निरोप बॉडी कंट्रोल युनिटकडे, म्हणजे दिवे-बटणं सांभाळणाऱ्या छोट्या संगणकाकडे जातो. ते युनिट स्वतःच्या यादीत बघतं की या गाडीला फॉग लॅम्प आहेत की नाहीत. यादीत ‘नाही’ असेल तर ते त्या पिनवर व्होल्टेज सोडतच नाही, मग कपलरला खराखुरा लॅम्प जोडलेला का असेना. म्हणून टेस्ट लॅम्प लावून कपलर तपासणारा माणूस हमखास फसतो. पिन मेलेली दिसते, तो हार्नेस खराब ठरवतो आणि टेप सोलायला बसतो. टेप सोलू नका. ती पिन मेलेली नाही, तिला अजून हुकूमच मिळालेला नाही.

हे निरोप ज्या दोन पिळलेल्या तारांवरून जातात ती कॅन बस. बॉशने ती १९८६ साली मोटारींसाठी जगापुढे आणली. मोटरसायकलवर ती पूर्ण ताकदीने आलेली बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिली ती २००४ च्या बीएमडब्ल्यू आर १२०० जीएसवर. त्या गाडीत नेहमीची फ्यूजची डबीच नव्हती. करंट जास्त झाला की युनिट स्वतःच ती वाट बंद करायचं. आज केटीएम, ट्रायम्फ, डुकाटी, हार्ले सगळे कॅन बसच्याच वाटेने गेलेत, फक्त प्रत्येकाची यादी वेगळी आणि ती उघडायची किल्ली वेगळी.

‘ॲक्टिव्हेट करणं’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामं येतात. काही ॲक्सेसरी गाडी स्वतः ओळखते. कपलर जोडला, चावी फिरवली की मेनूत नाव येतं, टूल लागतच नाही. काहींसाठी युनिटच्या यादीत ‘आहे’ असं लिहावं लागतं, हेच खरं कोडिंग. आणि काही सोयी, विशेषतः क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलायची सोय) किंवा जादा रायडिंग मोड, कंपनीकडून विकत घ्यायच्या असतात. तिथे तुमच्या चेसिस नंबरलाच लागू पडणारा कोड येतो किंवा अधिकृत टूल ऑनलाइन जाऊन परवानगी आणतं. या तिसऱ्या प्रकारात घरच्या डोंगलचा उपयोग नाही, आणि ‘आम्ही क्रॅक करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तुमच्या ग्रिप आणि लॅम्प बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. ॲक्सेसरीसोबत आलेल्या फिटिंगच्या कागदाचं शेवटचं पान बघा. तिथे निदान-यंत्राने सुरू करून घ्या अशा अर्थाची ओळ असेल तर नक्कीच दुसरा प्रकार.

आता डोंगल. बाजारात कुठेही मिळणारं सर्वसाधारण स्कॅनर ॲप इथे कुचकामी आहे, कारण ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या आतल्या निदान-व्यवस्थेचा, जो भाग सगळ्या गाड्यांना सारखा ठेवावा लागतो तो प्रदूषणाशी संबंधित आहे: इंजिनचे एरर कोड, तापमान, ऑक्सिजन सेन्सर वगैरे. ग्रिप आणि फॉग लॅम्पचा प्रदूषणाशी काय संबंध? त्यांची यादी बॉडी युनिटमध्ये आणि मीटरमध्ये असते, आणि तिथे पोहोचायला त्या कंपनीची भाषा येणारं सॉफ्टवेअर लागतं. बीएमडब्ल्यूसाठी जीएस-९११ आणि मोटोस्कॅन ही नावं कानावर आली असतील. एरर कोड, सर्व्हिस रीसेट आणि चाचण्यांसाठी जीएस-९११ भरवशाचं आहे. यादीत फेरफार करायची सोय मोटोस्कॅनच्या वरच्या आवृत्तीत मिळते. ट्रायम्फ, केटीएम, एप्रिलियावाल्यांना ट्यूनईसीयू माहीत असतं, पण त्याचा भर ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या युनिटवर आहे. घेण्याआधी तुमचं मॉडेल, साल आणि नेमकी ती ॲक्सेसरी त्यांच्या यादीत आहे का ते तपासा. ‘सगळ्या मॉडेलना चालतं’ हे वाक्य विकणाऱ्याचं असतं.

हार्डवेअरच्या बाबतीत एक खूण सांगतो. स्वस्तातल्या डोंगलच्या डबीवर ‘ईएलएम३२७ आवृत्ती १.५’ लिहिलेलं असतं. मूळ ईएलएम कंपनीने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही, म्हणजे ती नक्कल आहे. अशा नकला एरर कोड वाचताना निभावून नेतात. पण कोडिंगचा लांबलचक निरोप तुकड्यातुकड्यांत पाठवायचा असतो, आणि तिथे त्या मधलाच तुकडा गिळतात. वाचताना तुकडा गेला तर पुन्हा वाचता येतं, लिहिताना गेला तर मात्र पंचाईत. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने जो ॲडॅप्टर सुचवलाय तोच घ्या. जोडणीचा आकारही बघून घ्या. युरो ५ या प्रदूषण-नियमांच्या जमान्यातल्या बऱ्याच गाड्यांना लाल सहा पिनांचा कपलर असतो, काहींना मोटारीसारखा सोळा पिनांचा, आणि जुन्या बीएमडब्ल्यूंना गोल दहा पिनांचा. मधली केबल वेगळी घ्यावी लागेल.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही. ॲक्सेसरी स्वतः धड आहे आणि तिची वायर शेवटपर्यंत पोहोचते हे कळल्याशिवाय टूल हातात घेऊ नका.

ग्रिपचे कपलर सोडवा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक ग्रिपच्या दोन पिनांमध्ये मोजा. हिशेब सोपा आहे: १२ व्होल्टवर १८ वॉटची ग्रिप असेल तर ८ ओहमच्या आसपास यायला हवं. तुमच्या ग्रिपचा आकडा वेगळा असेल, तरी डावी-उजवी जवळपास सारखी आली पाहिजे. (काही ग्रिपमध्ये दोन वेगळ्या कॉइल असतात, तिथे पिनांच्या जोड्या कागदावर बघूनच मोजा.) एका बाजूला मल्टीमीटर काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटलीय. थ्रॉटलच्या बाजूची आधी जाते, कारण ती वायर दिवसभर पिळली जाते. म्हणून मोजताना थ्रॉटल पूर्ण उघडा, सोडा, हँडल दोन्हीकडे वळवा आणि आकडा हलतो का बघा. शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. अशा ग्रिपला कोडिंग करून करंट मिळवून दिलात तर युनिट एका क्षणात वाट बंद करेल, आणि तुम्ही म्हणाल कोडिंग चाललं नाही.

एकदा फॉग लॅम्पच्या एका कामात मी स्वतः दोन तास लॅपटॉपसमोर घालवलेत. यादीत ‘आहे’ लिहिलेलं, मीटरमध्ये खूण आलेली, लॅम्प बंद. पुन्हा कोडिंग, पुन्हा तेच. शेवटी कपलर सोडवून टॉर्चच्या उजेडात तोंडाकडून पाहिलं तर चारपैकी एक पिन बाकीच्यांपेक्षा तीनेक मिलिमीटर आत सरकलेली. बसवताना तिची कुलपाची जीभ अडकलीच नव्हती, आणि कपलर जोडताना समोरच्या पिनने तिला मागे ढकललं होतं. बाहेरून कपलर ‘टक्’ आवाज करून व्यवस्थित बसला होता! तेव्हापासून टूल लावण्याआधी प्रत्येक कपलर तोंडाकडून बघायचा आणि प्रत्येक वायर मागून हलकी ओढून बघायची ही सवय लागली.

बटणाचंही बघा. काही गाड्यांत ग्रिपचं बटण स्विचच्या डबीत आधीपासून असतं, काहींत संपूर्ण डबीच वेगळी मिळते. टूलमध्ये लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणाच्या नोंदी, दिसत असेल तर बटण दाबून तिथली नोंद बदलते का ते पाहा. नोंद बदलली तर निरोप पोहोचतोय, नाही बदलली तर कोडिंगने काही होणार नाही.

टूल गाडीशी बोलतच नसेल तर कॅनच्या तारा तपासा. बॅटरीची निगेटिव्ह काढून कॅन-हाय आणि कॅन-लो या दोन तारांमध्ये मोजलं की साधारण ६० ओहम यायला हवं, कारण बसच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असतात. १२० आलं तर एक टोक तुटलंय. सोळा पिनांच्या कपलरवर हे ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मिळतं. काही गाड्यांत कपलर आणि बसच्या मध्ये गेटवे नावाचं वेगळं युनिट असतं, तिथे हा आकडा वेगळा येऊ शकतो, त्याने घाबरू नका.

मग बॅटरी. चावी चालू ठेवून वीस मिनिटं बसायचं, हेडलॅम्प पेटलेला, मीटर पेटलेलं, पंप मध्येच घरघरतो. बॅटरी थकलेली असेल तर व्होल्टेज लिहिण्याच्या ऐन वेळी घसरतं आणि युनिट अर्ध्यावर थांबतं. बाहेरून स्थिर पुरवठा द्या. नेहमीचा ‘स्मार्ट’ चार्जर मात्र लावू नका. बॅटरी पुनरुज्जीवित करायच्या नादात तो व्होल्टेज वरखाली करतो, आणि इथे नेमकं तेच नको असतं. स्थिर पॉवर सप्लाय किंवा सप्लाय मोड असलेला चार्जर चालेल. बाकी फोनचा कॉल, लॅपटॉपची झोप, ब्लूटूथची रेंज यांची काळजी तुम्ही घ्यालच.

सगळं जमलं की पहिलं काम लिहायचं नाही, वाचायचं. सगळ्या युनिटचे एरर कोड वाचा आणि जतन करा. कोडिंगची आत्ताची स्थिती जशीच्या तशी उतरवा. बॅकअपचं बटण असेल तर दाबा, शिवाय स्क्रीनचे फोटो काढा. चांगली सॉफ्टवेअर तुम्हाला ‘हीटेड ग्रिप: नाही/आहे’ असा साधा पर्याय दाखवतात. काही मात्र कच्चे हेक्स आकडे (सोळाच्या पटीत मोजायची पद्धत) समोर ठेवतात, आणि तिथे गोंधळ होतो.

एक उदाहरण जवळून दाखवतो. समजा एका बाइटची (आठ बिटांच्या गटाची, प्रत्येक बिट ० किंवा १) किंमत २० आहे, हेक्समध्ये. बायनरीत ती ००१० ००००, म्हणजे एक सोय आधीच चालू आहे. तुमच्या ॲक्सेसरीचा बिट उजवीकडून तिसरा. तो १ केला की ००१० ०१००, म्हणजे २४. एका गृहस्थांनी दुसऱ्याच्या गाडीची सूचना वाचून या जागी ०४ लिहिलं होतं, कारण त्या दुसऱ्या गाडीत तो बाइट आधी ०० होता. त्यांचा लॅम्प लागला, पण इंडिकेटर आपोआप बंद व्हायची सोय गेली, आणि दोन्हींचा संबंध त्यांच्या लक्षातच आला नाही. ते स्विच बदलायच्या तयारीत होते. नशिबाने आधीच्या स्थितीचा फोटो त्यांच्या फोनमध्ये होता. दुसऱ्याच्या गाडीचा आकडा कधीही उचलू नका, स्वतःच्या आकड्यात फक्त हवा तो बिट बदला. आणि एका वेळी एकच बदल: आधी ग्रिप, खात्री झाली की मग लॅम्प.

गाडीने नकार दिला तर तो नीट वाचा. नव्या गाड्यांत निदानाची भाषा बहुतेक यूडीएस असते, म्हणजे आयएसओ १४२२९. त्यात वाचायची आज्ञा २२, लिहायची २ई, आणि नकार ७एफने सुरू होतो. ‘७एफ २ई ३३’ म्हणजे सुरक्षेचं कुलूप उघडलेलं नाही. टूलला त्या युनिटची किल्ली माहीत नाही, तेव्हा पन्नास वेळा दाबूनही फरक पडणार नाही. उलट चुकीच्या प्रयत्नांनी युनिट काही वेळ दार लावून घेतं. नकाराच्या शेवटच्या जागी २२ आलं तर परिस्थिती योग्य नाही: इंजिन चालू असेल, व्होल्टेज कमी असेल. ३१ आलं तर ती नोंद या युनिटमध्ये नाहीच, बहुधा मॉडेल चुकीचं निवडलंय. आणि ७८ हा नकार नसतोच, ‘थांबा, करतोय’ असं ते सांगतंय. ७८ दिसल्यावर डोंगल उपटणारे लोक मी पाहिलेत. देव पाण्यात घालून बसा, पण हात लावू नका.

यादी एकाच ठिकाणी नसते हेही ध्यानात ठेवा. बॉडी युनिटला सांगितलं आणि मीटरला नाही सांगितलं तर ग्रिप सुरू करायला मेनूच येत नाही. उलट केलंत तर मेनू झकास दिसतो, तीन पातळ्या दिसतात, आणि ग्रिप गारच. कंपनीचं टूल गाडीच्या मूळ ऑर्डरमध्ये, म्हणजे या गाडीला काय काय आहे त्या कंपनीकडच्या नोंदीत, ॲक्सेसरी जोडतं आणि त्यावरून सगळ्या युनिटना एकदम कळवतं. घरच्या टूलमध्ये प्रत्येक युनिट तुम्हालाच आठवणीने करावं लागतं.

याच फरकातून पुढे एक डोकेदुखी येते. वर्षभराने गाडी सर्व्हिसला जाते, तिथे नवं सॉफ्टवेअर टाकतात, आणि ते टूल ऑर्डर बघून सगळी युनिट पुन्हा कोड करतं. ऑर्डरमध्ये तुमच्या ग्रिप नाहीत, त्यामुळे त्या यादीतून जातात. सर्व्हिसवाल्यांनी काही बिघडवलेलं नसतं. म्हणून ऑर्डरमध्ये नोंद करायची सोय असेल तर सर्व्हिसमध्येच ती एकदा करून घ्यावी असं माझं मत आहे. वॉरंटीतल्या गाडीला तर मी घरच्या टूलने फक्त वाचतो, लिहीत नाही.

ग्रिप जमल्यावर हात शिवशिवतात, म्हणून बाकीच्यांबद्दल दोन शब्द. एलईडी इंडिकेटर लावलेत की २१ वॉटच्या बल्बच्या जागी एक-दोन वॉट येतात, आणि युनिटला वाटतं बल्ब गेला. तिथे ‘एलईडी’ असा पर्याय कोड करणं हा खरा उपाय. रेझिस्टर लावलाच तर तो चांगलाच तापतो, प्लॅस्टिकला टेकवू नका. टायर प्रेशरच्या सेन्सरचा नंबर टाकताना तो दशमान आहे की हेक्स ते बघा. दोन्हींत आकडे दिसतात, पण अर्थ वेगळा. शिवाय सेन्सर उभ्या गाडीत झोपलेले असतात, थोडं चालवल्याशिवाय रीडिंग येत नाही. क्रूझ कंट्रोलच्या (वेग आपोआप धरून ठेवायच्या सोयीच्या) बाबतीत मात्र मी कडक आहे. कोड करण्याआधी लाइव्ह डेटात पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक आणि क्लच तिन्ही स्विच वेगवेगळे दाबून प्रत्येकाची नोंद लगेच बदलते हे बघायचंच. मागच्या पेडलचा स्विच उशिरा लागणाऱ्या गाड्या मला बऱ्याचदा भेटतात. एरवी त्याचा त्रास होत नाही, दिवा जरा उशिरा लागतो इतकंच. क्रूझवर तोच उशीर अंगाशी येतो. इमोबिलायझर, चावीची नोंद आणि एबीएसच्या युनिटला घरी हात लावू नका.

आणि कोडिंगच्या भानगडीत पडायचंच नसेल तर वेगळी वाट आहे: कॅनवरचे निरोप फक्त ऐकून स्वतःच्या वाटेने बॅटरीवरून लॅम्पला करंट देणारे कंट्रोलर, उदाहरणार्थ हेक्स नावाच्या कंपनीचा ईझीकॅन किंवा डेनालीचा कॅनस्मार्ट. यात गाडीच्या यादीला हात लागत नाही. बाहेरच्या कंपनीचे जास्त वॉटचे लॅम्प असतील तर मी हेच सुचवतो, कारण गाडीच्या युनिटची ती पिन ठरावीक करंटपुरतीच असते. तुमचे लॅम्प कंपनीचेच आहेत, तेव्हा हा खर्च नको.

लिहून झालं की एरर कोड पुसा, चावी बंद करा, आणि युनिट झोपेपर्यंत पाचेक मिनिटं थांबा. लगेच चावी फिरवली तर काही गाड्या जुनीच यादी धरून बसतात. मग चावी चालू करा आणि इंजिनही सुरू करा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी वाचवण्यासाठी इंजिन चालू झाल्याशिवाय ग्रिप गरम होत नाहीत, आणि काहींत लो बीमशिवाय फॉग लॅम्प लागत नाहीत. निव्वळ चावीवर तपासून ‘नाही झालं’ म्हणत पुन्हा कोडिंगला बसलेले लोक कमी नाहीत. ग्रिप हाताला गरम लागली आणि दोन्ही लॅम्प लागले की एरर कोड पुन्हा एकदा वाचा. आधी नसलेला कोड आता दिसत असेल तर तो आजच्या कामाचा आहे. मग डोंगल काढा. तो लावून ठेवला तर ५० मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, आणि १० अँपिअर-तासांची बॅटरी आठवड्याभरात झोपते.